हिरोशी यामामोतो यांची दोन पदके आणि मधल्या वीस वर्षांत बदललेली तिरंदाजी

जपानचे तिरंदाज हिरोशी यामामोतो यांनी 1984 साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक कांस्यपदक मिळवले आणि त्यानंतर थेट 2004 साली अथेन्समध्ये वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. पहिल्या पदकाच्या वेळी ते 21 वर्षांचे विद्यार्थी होते आणि दुसऱ्या पदकाच्या वेळी 41 वर्षांचे शाळाशिक्षक. एवढ्या माहितीवर या कारकिर्दीची ओळख सहसा संपते आणि चिकाटीचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते. चिकाटी त्यात आहेच, पण मला त्यांची कारकीर्द महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणासाठी. या दोन पदकांच्या मध्ये ऑलिंपिक तिरंदाजीचे नियम इतके बदलले, की यामामोतो यांनी ही दोन पदके जवळजवळ दोन वेगळ्या खेळांत मिळवली असे म्हणावे लागते. तो बदल नेमका कोणता होता आणि त्याने खेळाडूपुढची परीक्षा कशी पालटली, हे त्यांच्या कारकिर्दीच्या आधाराने फार चांगले समजते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. जपान आणि धनुष्य म्हटले की पुष्कळांना क्यूदो आठवते. क्यूदोमध्ये दोन मीटरहून उंच धनुष्य मधोमध न धरता बरेच खाली धरतात आणि 28 मीटरवरच्या 36 सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर बाण सोडतात. ती जपानची स्वतःची, शिष्टाचारांत बांधलेली परंपरा आहे. यामामोतो यांचा खेळ तो नव्हे. ते खेळले ती आंतरराष्ट्रीय नियमांची रिकर्व्ह तिरंदाजी, म्हणजे आपल्याकडे दीपिका कुमारी किंवा अतनू दास खेळतात तीच. या धनुष्याच्या पात्यांची टोके पुढच्या बाजूला वळलेली असतात, त्यावर नेम धरण्यासाठी साइट असते आणि तोल सावरण्यासाठी पुढे लांब दांडा, म्हणजे स्टॅबिलायझर, बसवलेला असतो. जपानमध्ये हा खेळ शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडामंडळांतून रुजला. आपल्याला मोटारसायकली आणि वाद्यांसाठी माहीत असलेली यामाहा कंपनी 2002 सालापर्यंत स्पर्धात्मक धनुष्येही बनवत होती, यावरून तिथल्या मागणीची कल्पना येईल. 1976 साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हिरोशी मिचिनागा यांनी रौप्यपदक मिळवल्यामुळे या खेळात जपानी तरुणांपुढे एक ठोस आदर्शही उभा राहिला होता.

यामामोतो यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1962 रोजी योकोहामा येथे झाला. माध्यमिक शाळेत असताना त्यांनी धनुष्य हातात घेतले, पुढे जपानची आंतरशालेय राष्ट्रीय स्पर्धा सलग तीन वर्षे जिंकली आणि मग निप्पॉन स्पोर्ट सायन्स विद्यापीठात प्रवेश घेतला. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकवर जपानने बहिष्कार टाकला होता, त्यामुळे त्या पिढीच्या खेळाडूंना 1984 सालापर्यंत थांबावेच लागले.

आता लॉस एंजेलिसच्या स्पर्धेचे स्वरूप पाहू. त्या काळी ऑलिंपिकमध्ये ‘डबल फिटा’ नावाची पद्धत होती. पुरुष तिरंदाजाने 90, 70, 50 आणि 30 मीटर अशा चार अंतरांवरून प्रत्येकी 36, म्हणजे एकूण 144 बाण सोडायचे आणि मग हीच संपूर्ण फेरी पुन्हा एकदा खेळायची. चार दिवसांत 288 बाण. प्रत्येक बाणाला जास्तीत जास्त 10 गुण असल्याने कमाल गुणसंख्या 2880. समोर कोणी प्रतिस्पर्धी उभा नसे. सगळे आपापले बाण सोडत आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत मोठी तो विजेता ठरत असे.

यात अंतर आणि लक्ष्याचा आकार यांचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. 90 आणि 70 मीटरला 122 सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य असते आणि त्यातले 10 गुणांचे वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचे असते. 50 आणि 30 मीटरला लक्ष्य 80 सेंटिमीटरचे आणि 10 गुणांचे वर्तुळ अवघे 8 सेंटिमीटरचे. 70 मीटरवरून या मधल्या वर्तुळाच्या केंद्रावर नेम धरला, तर बाणाची दिशा एका अंशाच्या साधारण विसाव्या भागाने चुकली तरी बाण वर्तुळाच्या काठाशी पोहोचतो. 50 मीटरला लक्ष्य जवळ दिसते, पण लहान झालेले असते, त्यामुळे कोनाच्या हिशोबाने ते 70 मीटरपेक्षा किंचित अवघडच ठरते. 90 मीटरला तर वाऱ्याचाही मोठा वाटा असतो, कारण बाण हवेत अधिक वेळ राहतो. चारही अंतरांसाठी साइटची उंची वेगळी लावावी लागे. थोडक्यात, डबल फिटा ही विविधतेची आणि टिकावाची परीक्षा होती.

शरीरावरचा भार तर वेगळाच. पुरुषांच्या रिकर्व्ह धनुष्याची दोरी पूर्ण ओढायला साधारण 20 ते 23 किलोचा जोर लागतो. 20 किलो धरले तरी 288 बाणांसाठी पावणेसहा टनांच्या आसपास ओढ होते, आणि त्यात सरावाचे बाण मोजलेले नाहीत. केवळ ओढायचेही नसते, तर ओढलेल्या अवस्थेत स्थिर राहून नेम धरायचा असतो.

या परीक्षेत अमेरिकेच्या डॅरेल पेस यांनी 2616 गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. त्यांचेच सहकारी रिचर्ड मॅकिनी 2564 गुणांवर दुसरे आले आणि यामामोतो 2563 गुणांवर तिसरे. चार दिवस आणि 288 बाणांनंतर रौप्य आणि कांस्य यांच्यात फक्त एका गुणाचे अंतर होते. चौथा क्रमांकही जपानचाच होता. ताकायोशी मात्सुशिता 2552 गुणांवर थांबले. त्या वर्षी सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांचा बहिष्कार होता, हे खरे आहे, परंतु म्हणून यामामोतो यांचे आकडे लहान होत नाहीत. चार वेगवेगळ्या अंतरांवरून त्यांनी दर बाणाला सरासरी 8.9 गुण मिळवले होते.

पदवीनंतर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. सायतामा प्रांतातील ओमिया काइसेई हायस्कूलमध्ये ते शिकवत होते आणि तिथल्या मुलांना तिरंदाजीचे मार्गदर्शनही करत होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वर्षभर शिबिरात राहणारा, सरावाखेरीज दुसरे काम नसलेला खेळाडू ते नव्हते. पूर्ण वेळ नोकरी, वर्गावरचे तास, विद्यार्थ्यांचा सराव आणि त्यातून उरलेल्या वेळेत स्वतःचा सराव, असा त्यांचा क्रम होता. 1988 साली सोलमध्ये ते पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरले आणि आठवे आले. 1992 साली बार्सिलोना आणि 1996 साली अटलांटा इथेही ते होते, पण पदकाच्या जवळ पोहोचले नाहीत. 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकसाठी तर त्यांची निवडच झाली नाही. त्या वेळी ते 37 वर्षांचे होते आणि त्यांचा काळ संपला असे कोणीही मानले असते.

दरम्यान खेळ बदलत होता. डबल फिटा ही पद्धत खेळाडूच्या गुणवत्तेचे अचूक मोजमाप करत असली तरी प्रेक्षकाच्या दृष्टीने ती जवळपास अनाकलनीय होती. चार दिवस डझनावारी खेळाडू एकाच वेळी बाण सोडत आहेत, कोण पुढे आहे हे फलकावर पाहिल्याशिवाय कळत नाही आणि अनेकदा विजेता शेवटच्या बाणाच्या कितीतरी आधी ठरून गेलेला असतो, असा तो प्रकार होता. दूरचित्रवाणीच्या युगात अशा खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान टिकवणे कठीण होते. म्हणून 1988 साली टप्प्याटप्प्याने खेळाडू बाद करण्याची आणि प्रत्येक टप्प्यात गुण पुन्हा शून्यापासून मोजण्याची पद्धत आली, आणि सांघिक स्पर्धाही त्याच वर्षी सुरू झाली. 1992 साली त्याहून मोठा बदल झाला. दोन तिरंदाज समोरासमोर, एकच अंतर 70 मीटर, हरणारा बाहेर. टेनिसमध्ये असते तशी बाद फेरी तिरंदाजीत आली.

अथेन्सपर्यंत तिचे रूप असे झाले होते. आधी मानांकन ठरवण्यासाठी 70 मीटरवरून 72 बाणांची फेरी व्हायची. त्यानंतर 64 खेळाडूंची बाद फेरी सुरू व्हायची. पहिले तीन सामने प्रत्येकी 18 बाणांचे आणि उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचे सामने 12 बाणांचे असत. 12 बाणांत कमाल 120 गुण. बरोबरी झाली तर एकेका बाणाचा शूट-ऑफ.

288 बाण आणि 12 बाण यांतला फरक नुसता संख्येचा नाही. तो एका कल्पित हिशोबाने दाखवता येईल. समजा, एका तिरंदाजाची सरासरी दर बाणाला 9.3 आहे आणि दुसऱ्याची 9.0 आहे. प्रत्येक बाणाचा गुण सरासरीच्या वरखाली होत राहणारच, आणि त्या चढउताराचे प्रमाण साधारण 0.8 गुण आहे असे धरू. 12 बाणांत पहिल्या खेळाडूची अपेक्षित आघाडी 3.6 गुणांची होते, पण दोघांच्या बेरजांमधला फरकच नशिबाने चारएक गुणांनी इकडेतिकडे होऊ शकतो. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीने मोजले तर पहिला खेळाडू शंभरातले सुमारे 82 सामने जिंकेल आणि 18 हरेल. हेच दोघे 288 बाण खेळले तर पहिल्याची अपेक्षित आघाडी 86 गुणांची होते, तर नशिबाचा चढउतार 19 गुणांच्या आसपास राहतो, त्यामुळे दुसरा खेळाडू जिंकण्याची शक्यता उरतच नाही. आता बाद फेरीत अजिंक्यपदासाठी ओळीने सहा सामने जिंकावे लागतात. सगळे सामने 12 बाणांचे धरले आणि प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 82 टक्के धरली, तर सहाही जिंकण्याची शक्यता जेमतेम 30 टक्के निघते. म्हणजे इतर सर्वांपेक्षा स्पष्टपणे सरस असलेला खेळाडूसुद्धा तीनपैकी दोन वेळा सुवर्णपदकाला मुकेल.

हा हिशोब कागदी नाही, याचा पुरावा दक्षिण कोरियाने दिला आहे. कोरियाचे पुरुष तिरंदाज 1988 पासून सांघिक सुवर्णपदके वारंवार जिंकत आले, परंतु वैयक्तिक सुवर्णपदक त्यांना 2012 सालापर्यंत एकदाही मिळाले नाही. जगातील सर्वांत खोल ताफा ज्या देशाकडे होता, त्याची ही स्थिती झाली, कारण 12 किंवा 18 बाणांच्या सामन्यात कुठल्याही दिवशी कोणीही त्यांना गाठू शकत होते.

अथेन्समध्ये त्यांना गाठणारा माणूस होता हिरोशी यामामोतो.

ऑगस्ट 2004 मध्ये ही स्पर्धा पानाथिनाइको या संगमरवरी स्टेडियममध्ये झाली, जिथे 1896 साली पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले होते. घोड्याच्या नालेसारख्या आकाराचे, दोन्ही बाजूंना उंच पांढऱ्या पायऱ्या असलेले हे मैदान आहे. उपांत्यपूर्व फेरीत यामामोतो यांच्यासमोर कोरियाचा 18 वर्षांचा इम डोंग-ह्युन होता. मानांकन फेरीत 72 बाणांत 687 गुण मिळवून तो पहिला आला होता, म्हणजे दर बाणाला साडेनऊहून अधिक सरासरी. वर मांडलेल्या हिशोबातला सरस खेळाडू तो हाच. यामामोतो यांनी त्याला 111 विरुद्ध 110 असे हरवले. एका गुणाने. वीस वर्षांपूर्वी 288 बाणांनंतर जो एक गुण त्यांच्या विरुद्ध गेला होता, तो आता 12 बाणांनंतर त्यांच्या बाजूने आला.

उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाचा टिम कडिही समोर होता, वय 17. दोघांनीही 12 बाणांत 115 गुण मिळवले. बाद फेरीच्या दडपणाखाली 115 ही उत्तम कामगिरी होती, कारण त्यासाठी 12 बाणांपैकी किमान सात बाण तरी मधल्या वर्तुळात बसावे लागतात. मग शूट-ऑफ झाला. दोघांना एकेक बाण.

अशा एका बाणात काय काय घडते, हे जवळून पाहू. तिरंदाज पाय रोवतो, बाण दोरीत अडकवतो आणि बाणाचे टोक धनुष्यावर बसवलेल्या क्लिकर नावाच्या पातळ धातूच्या पट्टीखाली सरकवतो. धनुष्य वर उचलून तो दोरी हनुवटीपर्यंत ओढतो, तेव्हा दोरी नाकाला आणि हनुवटीला टेकते आणि प्रत्येक वेळी त्याच जागी टेकायला हवी. या क्षणी बाणाचे टोक क्लिकरखालून जवळजवळ बाहेर आलेले असते, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर उरलेले असतात. ते हाताच्या ताकदीने ओढायचे नसतात. पाठीचे स्नायू एकमेकांकडे आवळत नेले की बाण केसाकेसाने मागे सरकतो. टोक सुटले की पट्टी धनुष्यावर आपटून ‘टक्’ असा आवाज होतो, आणि तो ऐकताच बोटे सैल पडली पाहिजेत. क्लिकरमुळे प्रत्येक बाण अगदी सारख्याच लांबीपर्यंत ओढला जातो आणि ‘आता सोडू का’ हा निर्णय मनाकडून काढून घेतला जातो. दडपणाखाली बिघडते ते नेमके इथेच. मन ‘टक्’ची वाट पाहू लागते, स्नायूंची ओढ थांबते, आवाज येत नाही, नेम हलू लागतो आणि वेळ संपत जातो. अनुभवी तिरंदाज अशा वेळी दोरी सोडून न देता बाण खाली घेतो आणि पुन्हा सुरुवात करतो, पण त्यासाठी वेळ शिल्लक असावा लागतो. बाण सुटल्यावर लक्ष्यापर्यंत पोहोचायला त्याला जेमतेम सेकंदभर लागतो.

यामामोतो यांचा बाण 10 वर बसला आणि कडिहीचा 9 वर.

अंतिम फेरीत इटलीच्या 21 वर्षांच्या मार्को गालियाझ्झोने त्यांना 111 विरुद्ध 109 असे हरवले आणि इटलीला ऑलिंपिकमधले पहिले तिरंदाजी सुवर्णपदक मिळवून दिले. यामामोतो यांच्या शेवटच्या तीन प्रतिस्पर्ध्यांची वये होती 18, 17 आणि 21. लॉस एंजेलिसमध्ये यामामोतो पदक घेत होते तेव्हा यातले दोघे जन्मलेलेच नव्हते आणि गालियाझ्झो सव्वा वर्षाचा होता. जपानमध्ये या पदकाचे मोठे कौतुक झाले. पूर्णवेळ नोकरी करणारा चाळिशीतला शिक्षक ऑलिंपिकच्या व्यासपीठावर उभा राहिल्याने मध्यमवयीन जपानी माणसाला तो आपला वाटला. कांस्यपदकापासून रौप्यपदकापर्यंत यायला वीस वर्षे लागली, आता सुवर्णपदकासाठी आणखी वीस वर्षे द्यायची, या आशयाचे त्यांचे उद्गार तेव्हा खूप गाजले.

माझ्या मते त्यांच्या दोन पदकांपैकी रौप्यपदकाचे मोल अधिक आहे, आणि ते वयामुळे नाही. बेरजेच्या पद्धतीत वाढलेल्या खेळाडूची सवय अशी असते की एखादा बाण 7 वर गेला तरी पुढच्या शेकडो बाणांत तो भरून काढता येतो, म्हणून तो मन शांत ठेवतो. 12 बाणांच्या सामन्यात एक 7 म्हणजे बहुधा पराभव. त्यातच उपांत्यपूर्व फेरीपासून दोघांनी आळीपाळीने एकेक बाण सोडायचा असतो, त्यामुळे समोरच्याचा गुण डोळ्यांसमोर असताना आपला बाण ओढावा लागतो. ही वेगळीच कसोटी आहे. जुन्या पद्धतीत नावारूपाला आलेले पुष्कळ चांगले तिरंदाज नव्या पद्धतीत टिकले नाहीत. यामामोतो यांनाही बार्सिलोना आणि अटलांटा इथे ती साधली नव्हती. चाळिशीत त्यांनी ती आत्मसात केली, हे मला विलक्षण वाटते.

अथेन्सच्या जपानी संघात त्यांच्यासोबत ताकाहारू फुरुकावा नावाचा मुलगा होता. त्याचा जन्म 9 ऑगस्ट 1984 चा, म्हणजे लॉस एंजेलिस ऑलिंपिक चालू असतानाचा. आओमोरी प्रांतातून आलेला, किंकी विद्यापीठाचा हा खेळाडू पुढे जपानी तिरंदाजीचा आधार बनला आणि त्याच्या काळात नियम पुन्हा एकदा बदलले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकपासून बेरजेच्या जागी सेट आले. प्रत्येक सेटमध्ये दोघांनी तीन-तीन बाण सोडायचे, ज्याचे गुण जास्त त्याला 2 सेटगुण, बरोबरी झाली तर दोघांना 1-1 आणि जो आधी 6 सेटगुणांवर पोहोचेल तो विजयी. पाच सेटनंतर 5-5 अशी बरोबरी असेल तर शूट-ऑफ. बाण सोडायला आता प्रत्येकी 20 सेकंद मिळतात.

या पद्धतीत एक विचित्र शक्यता दडलेली आहे. समजा, एका खेळाडूने पहिला सेट 30-25 असा जिंकला आणि पुढचे तिन्ही सेट 28-29 असे गमावले. त्याची एकूण बेरीज 114 होते आणि प्रतिस्पर्ध्याची 112, तरीही सामना प्रतिस्पर्धी 6-2 असा जिंकतो. पहिल्या सेटमधले भलेमोठे अपयश पुढच्या सेटला जात नाही. एक बाण फार वाईट गेला तर नुकसान एका सेटपुरते मर्यादित राहते, आणि म्हणून यात शेवटपर्यंत सामना जिवंत राहतो. न्यायाच्या दृष्टीने मला 1984 ची पद्धत अधिक सरळ वाटते, पण ही पद्धत पाहणाऱ्याला बांधून ठेवते, हे मान्य करायला हवे.

फुरुकावाने लंडनमध्ये, लॉर्ड्स क्रिकेट मैदानावर, रौप्यपदक मिळवले. अंतिम फेरीत त्याला कोरियाच्या ओह जिन-ह्येकने 7-1 असे हरवले आणि कोरियन पुरुषांचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक ते हेच. नऊ वर्षांनी, टोकियो ऑलिंपिकमध्ये, त्याच ओहला भारताच्या अतनू दासने शूट-ऑफमध्ये 10 विरुद्ध 9 असे बाहेर काढले. पुढच्याच फेरीत, 31 जुलै 2021 रोजी, अतनूसमोर फुरुकावा उभा ठाकला. पहिला सेट फुरुकावाने 27-25 असा घेतला, दुसरा 28-28 असा बरोबरीत सुटला, तिसरा अतनूने 28-27 असा जिंकला, चौथा पुन्हा 28-28 आणि पाचवा फुरुकावाने 27-26 असा जिंकून सामना 6-4 असा आपल्याकडे घेतला. एकूण 15 बाणांची बेरीज केली तर 137 विरुद्ध 135. तो पुढे जाऊन तैवानच्या तांग चिह-चुनला 7-3 असे हरवून कांस्यपदक घेऊन गेला. त्याच स्पर्धेत जपानच्या पुरुष संघानेही कांस्यपदक मिळवले. नेदरलँड्सविरुद्धच्या शूट-ऑफमध्ये दोन्ही संघांचे गुण समान झाले आणि जपानचा एक बाण केंद्राच्या अधिक जवळ असल्याने निकाल लागला. त्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अतनू दास आणि तरुणदीप राय यांच्यासोबत भारताच्या संघात सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधवही खेळला होता.

मराठी वाचकाचा इथे एक गोंधळ होण्याचा संभव आहे. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे 2023 साली बर्लिनमध्ये जगज्जेते झाले, पण ते कंपाउंड प्रकारात. त्या धनुष्याच्या टोकांना चाके असतात, दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो आणि अंतर 50 मीटरचे असते. त्यात सेट नसतात. 15 बाणांची बेरीज करून निकाल लावतात, आणि ओजसने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळवले होते. रिकर्व्हमधून गेलेली बेरजेची पद्धत कंपाउंडमध्ये अजून चालू आहे, कारण तिथे अचूकता इतकी जास्त आहे की एकेक गुणानेच निकाल लागतो.

अथेन्सनंतर यामामोतो आपल्या जुन्या निप्पॉन स्पोर्ट सायन्स विद्यापीठात अध्यापक म्हणून गेले आणि पन्नाशी उलटल्यावरही स्पर्धांत उतरत राहिले. मात्र 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकपासून पुढे त्यांना जपानच्या संघात स्थान मिळाले नाही. याचेही कारण त्याच गणितात आहे, असे मला वाटते. बाद फेरीत 41 वर्षांच्या माणसाला 18 वर्षांच्या मुलाला 12 बाणांत हरवता येते, कारण तिथे अनुभवाचा आणि संयमाचा वाटा मोठा असतो. परंतु ऑलिंपिकच्या संघात येण्यासाठी देशांतर्गत निवड चाचण्या पार कराव्या लागतात, आणि त्या दिवसेंदिवस चालणाऱ्या, शेकडो बाणांच्या, बेरजेच्या असतात. कोरियातही तसेच आहे. निवड समित्यांना सर्वांत भरवशाचा खेळाडू हवा असतो आणि तो शोधायला पुष्कळ बाणांसारखे दुसरे साधन नाही. त्यामुळे 1984 ची ती जुनी परीक्षा ऑलिंपिकच्या मैदानातून गेली असली तरी संघाच्या दारात अजून उभी आहे. तिथे 20 किलोची ओढ शेकडो वेळा, न थकता द्यावी लागते आणि खांद्याचे वय लपत नाही. फुरुकावा मात्र त्या चाचण्या पार करत राहिला. 2024 साली पॅरिसमध्ये, चाळिशी पूर्ण व्हायला काही दिवस उरले असताना, तो आपले सहावे ऑलिंपिक खेळला.